पालथे की उताणे, आणि भूल कोणती : मुतखड्याच्या शस्त्रक्रियेच्या सेवेचे परीक्षण

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल रुग्ण जे अभिप्राय लिहितात त्यांत बहुधा तीनच गोष्टी असतात : खडा पूर्ण निघाला का, घरी कधी सोडले आणि डॉक्टर नीट बोलले का. हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु टेबलावर शरीराची मांडणी कशी केली गेली आणि भूल कोणती व कशी दिली गेली, याविषयी त्यांत क्वचितच काही वाचायला मिळते. याचे कारण उघड आहे. बहुतेकांना पूर्ण भूल दिलेली असते आणि त्यांच्या आठवणीत छतावरचे दिवे व त्यानंतरची खोली एवढेच उरते. माझी शस्त्रक्रिया कमरेतून दिलेल्या भुलीखाली, पालथ्या स्थितीत आणि मी जागा असताना झाली, त्यामुळे या दोन्ही बाबी मला फार जवळून पाहता आल्या. हे परीक्षण त्यांच्यापुरतेच मर्यादित आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण काही उणिवाही लिहायच्या आहेत. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : थिएटरमधले काम मला अव्वल दर्जाचे वाटले, थिएटरच्या आधीची आणि नंतरची माहिती देण्याची पद्धत मात्र त्या कामाला शोभणारी नव्हती.

माझ्या उजव्या मूत्रपिंडात दोन सेंटिमीटरहून मोठा खडा होता. एवढ्या आकाराच्या खड्यासाठी पाठीतून छोटे छिद्र पाडून, दुर्बिणीने थेट मूत्रपिंडात शिरून खडा फोडून काढणे हाच सर्वसाधारणपणे पहिला पर्याय मानला जातो. लहान खड्यांसाठी लघवीच्या मार्गाने लवचीक दुर्बीण आत नेऊन लेझरने खडा फोडता येतो, किंवा शरीराबाहेरून आघातलहरी देऊन त्याचे तुकडे करता येतात. या तिन्ही पद्धतींत रुग्णाची स्थिती वेगळी आणि भुलीची गरजही वेगळी. १९८० साली म्युनिकमध्ये आघातलहरींचा पहिला उपचार झाला, तेव्हाच्या यंत्रात रुग्णाला भूल देऊन चक्क पाण्याच्या टबात उतरवावे लागे. आता त्याच उपचाराला अनेकदा वेदनाशामक आणि थोडी गुंगी एवढ्यावर भागते. लवचीक दुर्बिणीसाठी पाय उचलून उताणे झोपवतात आणि बहुतेक ठिकाणी पूर्ण भूल देतात, कारण श्वासागणिक मूत्रपिंड वरखाली सरकते आणि लेझरचे टोक खड्यावर धरून ठेवायचे तर तो श्वास यंत्राच्या ताब्यात असलेला बरा. पाठीतून करायच्या शस्त्रक्रियेत मात्र स्थिती आणि भूल या दोहोंबाबत खरोखरची निवड असते, आणि ती निवड कशी केली जाते यावरून रुग्णालयाची बरीच पारख होते.

भूलपूर्व तपासणीपासून सुरुवात करतो. ती एका ज्येष्ठ भूलतज्ज्ञांनी केली आणि ती मला उत्तम वाटली. तोंड किती उघडते, मान मागे किती जाते, हलणारे किंवा बसवलेले दात आहेत का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पूर्वी कधी भूल घेतली होती का, झोपेत घोरता का, जिना चढताना धाप लागते का, हे सारे त्यांनी विचारले आणि पाहिले. कमरेतून भूल द्यायची ठरली तरी गळ्याची आणि जबड्याची तपासणी का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की ही भूल अपुरी पडली किंवा शस्त्रक्रिया लांबली तर पूर्ण भूल द्यावी लागते आणि त्या वेळी श्वासनलिकेत नळी घालणे सोपे जाईल की अवघड, हे आजच माहीत असायला हवे. लघवीच्या कल्चरचा, म्हणजे लघवीत जंतू आहेत का या तपासणीचा, अहवाल आल्याखेरीज तारीख पक्की होणार नाही, हेही त्यांनी निक्षून सांगितले. खड्यात दडलेले जंतू खडा फुटताना रक्तात मिसळू शकतात आणि शस्त्रक्रियेनंतरचा ताप हा या क्षेत्रातला जुना शत्रू आहे, त्यामुळे ही सक्ती मला आवडली.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी अन्य कोणाच्याही अनुभवात ऐकलेले नाही. तपासणीच्या बाकावर त्यांनी मला पालथे झोपायला सांगितले, दोन्ही हात कोपरांत वाकवून डोक्याच्या बाजूंना ठेवायला लावले आणि काही वेळ तसेच पडून राहायला सांगून स्वतः कागद लिहीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘कुठे दुखतंय? श्वास अडकतोय का? मान कोणत्या बाजूला वळवली की बरं वाटतं?’ श्वासाला काही त्रास नव्हता, पण माझा डावा खांदा पूर्वीपासून थोडा आखडलेला आहे आणि तो हात पूर्ण वर जात नाही, हे या साध्या चाचणीत त्यांच्या ध्यानात आले. फाइलवर त्यांनी लाल शाईने लिहिले : ‘डावा हात खाली, अंगालगत. मान उजवीकडे.’ जागेपणी ज्याला जी स्थिती सहन होत नाही ती भुलीतही त्याच्या सांध्यांना आणि नसांना सोसत नाही. फरक एवढाच की भुलीत तो तक्रार करू शकत नाही. हा विचार मला त्यांच्या त्या एका ओळीत दिसला. मात्र ही चाचणी तिथल्या ठरलेल्या पद्धतीचा भाग नाही. माझ्यानंतर आत गेलेल्या रुग्णाची तपासणी दुसऱ्या डॉक्टरांनी केली आणि त्याला पालथे झोपवून पाहिले नाही, असे त्याने मला नंतर सांगितले. चांगली गोष्ट एका व्यक्तीच्या सवयीवर अवलंबून राहावी, ही पहिली उणीव.

दुसरी उणीव उपाशी राहण्याच्या सूचनेची. मला दिलेल्या छापील कागदावर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊ नये असे होते, आणि माझी वेळ दुपारची होती. हलक्या आहारानंतर सहा तास आणि साध्या पाण्यासारख्या पारदर्शक द्रवानंतर दोन तास एवढे अंतर पुरेसे आहे, हे भूलशास्त्राच्या मार्गदर्शक सूचनांत कित्येक वर्षांपासून नमूद आहे. मुतखड्याच्या रुग्णाला एरवी दिवसभर पाणी प्या म्हणून बजावायचे आणि नेमके शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याला इतके कोरडे ठेवायचे, यात मला विसंगती दिसली. शिवाय कमरेतून भूल दिल्यावर रक्तदाब खाली येतोच, आणि शरीरात पाणी कमी असेल तर तो अधिक येतो. भूलतज्ज्ञांना फोन करून विचारले तेव्हा त्यांनी सकाळी पाणी पिण्याची परवानगी लगेच दिली. म्हणजे त्यांना ते ठाऊक होते. कागदाला ठाऊक नव्हते.

भुलीच्या निवडीबद्दलचे त्यांचे स्पष्टीकरण थोडक्यात असे होते. मूत्रपिंडाच्या संवेदना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या छातीच्या दहाव्या ते कमरेच्या पहिल्या खंडांकडे जातात, म्हणून नुसते पाय बधिर होऊन चालत नाही. बधिरपणा छातीच्या मध्यापर्यंत चढावा लागतो. औषध पाठीच्या कण्यातील द्रवापेक्षा जड असल्याने टेबल किंचित डोक्याकडे झुकवून ते वर नेता येते आणि काही मिनिटांत ते एका पातळीवर स्थिरावते. या भुलीत घशात नळी नाही, नंतर मळमळ कमी आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास वेदनाही कमी. दुसऱ्या बाजूला, तिची मुदत ठरलेली आहे. खडा शाखा फुटलेला असेल, एकाहून अधिक छिद्रे पाडावी लागणार असतील, रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता असेल, रुग्ण फार स्थूल असेल किंवा पालथे पडून जागे राहण्याच्या कल्पनेनेच तो बेचैन होत असेल, तर पूर्ण भूलच योग्य. माझा खडा मोठा असला तरी एकाच जागी होता, एकाच छिद्रातून तो निघेल असा अंदाज होता आणि फुप्फुसे ठीक होती. दोन्ही पर्याय समोर ठेवून त्यांनी निर्णय मला करू दिला. जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बीअर यांनी १८९८ साली कमरेतून भूल देण्याचा प्रयोग प्रथम केला, तेव्हा खुद्द त्यांनाच त्या टोचण्यामुळे दिवसचे दिवस डोकेदुखीने अंथरुणाला खिळवले होते. आजच्या बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुयांमुळे ती डोकेदुखी पुष्कळच कमी झाली आहे आणि मला ती अजिबात झाली नाही.

स्थितीबद्दलची निवड मात्र मला कोणी आपणहून सांगितली नाही; ती मी विचारून काढली. पाठीतून सुईने वाट करून मूत्रपिंडातील खडा काढण्याची पद्धत स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून रुग्ण पालथा हीच रूढ स्थिती झाली. ती स्वाभाविकही आहे : पाठ पूर्ण मोकळी मिळते, मूत्रपिंडाच्या मागच्या बाजूच्या कप्प्यांकडे जाणारी वाट आखूड असते, आणि गरज पडल्यास दुसरे, तिसरे छिद्र पाडायला जागा राहते. १९८७ साली स्पेनमधील वाल्दिव्हिया उरिया यांनी रुग्णाला उताणा ठेवून, ज्या बाजूचे मूत्रपिंड त्या बाजूच्या कुशीखाली आधार देऊन हीच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. पुढे २००७ साली तिच्यात फेरफार करून एक पाय लांब आणि दुसरा उचललेला अशी गाल्दाकाओ नावाने ओळखली जाणारी स्थिती आली, जिच्यात पाठीच्या बाजूने आणि लघवीच्या मार्गाने अशा दोन्हीकडून एकाच वेळी काम करता येते.

भूलतज्ज्ञाला उताणी स्थिती अधिक आवडते, हे सांगायला नकोच. चेहरा, घसा, छाती सारे त्याच्या हाताशी राहते; रुग्णाला उलटवण्याची धावपळ नाही; हृदय थांबण्यासारखा प्रसंग आलाच तर छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करता येते. शिवाय मूत्रपिंडात घातलेली नळी खालच्या बाजूला कललेली असल्याने पाणी आणि खड्याचे तुकडे आपसूक बाहेर वाहतात आणि आतला दाब कमी राहतो. याची दुसरी बाजू शल्यविशारदांनी मला सांगितली : पाणी पटकन वाहून गेल्याने मूत्रपिंडाची पोकळी फुगत नाही आणि आत पाहायला जागा कमी पडते, मूत्रपिंड पुढे सरकते, वाट लांबते आणि वरच्या कप्प्यापर्यंत पोहोचणे अवघड होते. अनेक देशांतील रुग्णालयांनी २००७ ते २००९ या काळात मिळून केलेल्या एका मोठ्या नोंदणीत पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांतील सुमारे ८० टक्के पालथे आणि २० टक्के उताणे होते. पालथ्या रुग्णांत खडा पूर्ण निघण्याचे प्रमाण ७७ टक्के आणि उताण्यांत ७० टक्के आढळले, आणि शस्त्रक्रियेचा सरासरी वेळही पालथ्यांत काही मिनिटांनी कमी होता. परंतु ती नोंदणी होती, चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती. कोणत्या रुग्णाला कोणती स्थिती द्यायची हे ज्याने त्याने आपापल्या विचाराने ठरवले होते. त्यामुळे त्या आकड्यांवरून एक स्थिती सरस ठरवणे धाडसाचे होईल, आणि आज दोन्ही स्थिती सुरक्षित मानल्या जातात.

मग माझ्यासाठी पालथी स्थितीच का, या प्रश्नाला शल्यविशारदांनी दिलेले उत्तर प्रामाणिक होते. ‘माझा हात पालथ्या स्थितीत बसला आहे,’ ते म्हणाले, ‘तुम्हाला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असता तर मी तुम्हाला उताण्या पद्धतीचा सराव असलेल्या सहकाऱ्याकडे पाठवले असते.’ या उत्तराने माझे समाधान झाले. ज्याचा हात एकाच पद्धतीत बसला आहे त्याने तसे सांगावे आणि दुसरीकडे पाठवण्याची तयारी ठेवावी, याहून अधिक अपेक्षा रुग्णाने कोणत्या तोंडाने करावी? तरीही ही माहिती संमतिपत्रावर एका ओळीत असायला हरकत नव्हती. त्या कागदावर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आतड्याला किंवा फुप्फुसाच्या आवरणाला इजा, हे सारे धोके लिहिलेले होते. पालथे झोपवल्याने नसांवर, डोळ्यांवर किंवा खांद्यांवर ताण येऊ शकतो हे कुठेही नव्हते.

आता थिएटरकडे वळतो. आत नेण्यापूर्वीच उजव्या कुशीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने बाण काढला होता. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि बाहेर नेण्याआधी अशा तीन टप्प्यांवर जी पडताळणी करावी असे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुचवले, ती इथे मोठ्याने वाचून केली जात होती : नाव, बाजू, ॲलर्जी, प्रतिजैविक दिले का, क्ष-किरण चित्र भिंतीवर लावले आहे का. उजवी आणि डावी ही चूक पालथ्या रुग्णात किती सहज होऊ शकते, हे पालथे पडल्यावरच कळते, कारण खोलीतली प्रत्येक बाजू उलटी झालेली असते.

बसवून, पाठ वाकवायला सांगून सुई दिली. परिचारिका समोर उभ्या राहून दोन्ही खांद्यांना आधार देत होत्या, आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी ती सांगितली जात होती; सुईचे दुखणे सलाइनच्या सुईपेक्षा फारसे वेगळे नव्हते. पाय आधी गरम, मग जड, मग जणू दुसऱ्याचे झाले. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस पोटावरून वर सरकवत ‘गार लागतं का?’ असे विचारून बधिरपणाची पातळी तपासली गेली. त्यानंतर मला लगेच पालथे केले नाही, आणि यामागची योजना मला फार पटली. लघवीच्या मार्गाने मूत्रवाहिनीत एक बारीक नळी सरकवायची असते, जिच्यातून पुढे रंगद्रव्य सोडून मूत्रपिंडाचे कप्पे क्ष-किरणांवर उमटवतात. हे काम पाय उचललेल्या उताण्या स्थितीत होते. तेवढ्या वेळात भूल आपल्या पातळीवर स्थिरावते, आणि रक्तदाब घसरायचा असेल तर तो रुग्ण उताणा असतानाच घसरतो. माझा घसरलाही. औषध देऊन तो वर आणला, थोडे थांबले, आणि मगच पुढचे काम हाती घेतले. पाय उचलताना आणि खाली ठेवताना दोन माणसांनी दोन्ही पाय एकदमच हलवले, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आधाराचा दांडा टेकतो तिथे जाड गादी आहे ना, हे हात घालून पाहिले. त्या जागी हाडालगत एक नस असते, आणि ती दबली तर पाऊल वर उचलता येत नाही.

पालथे करण्याची क्रिया हा या सेवेतला सर्वांत चांगला भाग. स्ट्रेचर टेबलाला चिकटवले गेले, दोन्हींची चाके अडकवल्याची खात्री झाली, आणि डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञांनी सूचना देण्याचे काम आपल्याकडे घेतले. त्यांच्या ‘तीन’ या शब्दावर सर्वांनी मला एका लयीत कुशीवर आणि मग पालथे केले. सलाइनची नळी कोण धरणार, लघवीची नळी कोण सांभाळणार, हे आधीच वाटून दिलेले होते. छातीखाली एक लांब लोड आणि ओटीपोटाच्या हाडांखाली दुसरा, अशा रीतीने पोट अधांतरी राहिले. पोट दबले तर त्यातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दबते आणि पोटाचा पडदा खाली यायला जागा न राहिल्याने श्वासही अडतो. म्हणून एका परिचारिकेने लोडांच्या मधून हात घालून पोट खरोखर मोकळे आहे ना, हे पाहिले. हात किती आत जातो ते तिने मोठ्याने सांगितले आणि भूलतज्ज्ञांनी वरचा लोड थोडा पुढे ओढायला लावला. गुडघ्यांखाली जेलच्या गाद्या, घोट्यांखाली उशी, बोटे अधांतरी. चेहरा मऊ कड्यावर उजवीकडे वळवलेला, डोळ्यावर आणि कानाच्या पाळीवर काही टेकत नाही याची तपासणी. पूर्ण भूल असती तर डोळे चिकटपट्टीने मिटून ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागली असती. डोळ्यावर सतत दाब राहिल्यास किंवा त्याच्या नसेचा रक्तपुरवठा कमी पडल्यास दृष्टी जाऊ शकते. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण तो झाला की भरून निघत नाही.

लाल शाईतली सूचना वाचली गेली. डावा हात अंगालगत खाली ठेवला गेला. उजवा हात फळीवर, खांद्याशी काटकोनापेक्षा कमी कोनात आणि कोपरात वाकवून ठेवला. याच उजव्या हाताबद्दल माझी तक्रार आहे, ती पुढे येईल.

शस्त्रक्रियेचे वर्णन मी करणार नाही. मला ते दिसत नव्हते. जाणवत होते ते एवढेच : पाठीवर दाब, आत कुठेतरी ओढ, आणि खडा फोडणाऱ्या यंत्राची टकटक. एकदा मूत्रपिंडात पाण्याचा दाब वाढला तेव्हा पोटात ढवळून आले. सांगताच पाण्याची पिशवी खाली घेतली आणि ते थांबले. सुई घालण्याच्या क्षणी भूलतज्ज्ञांनी ‘श्वास सोडा आणि थांबा’ असे सांगितले. पूर्ण भुलीत हेच काम यंत्र क्षणभर थांबवून होते. जागेपणी ते रुग्णाकडून करून घ्यावे लागते आणि त्यासाठी त्यांनी आधी दोनदा सराव करून घेतला होता. अशा शस्त्रक्रियेत कित्येक लिटर सलाइन मूत्रपिंडातून फिरवले जाते. ते थंड असेल तर शरीर गारठते. इथे ते कोमट करून वापरले जात होते आणि खांद्यांवर गरम हवेचे पांघरूण होते, तरीही मला थरथर सुटलीच, कारण कमरेतून भूल दिलेल्या शरीराला उष्णता धरून ठेवणे जमत नाही. तिच्यावर औषध दिले गेले. शेवटी शेवटी खरा त्रास झाला तो मानेला. तिथे भूल नव्हती.

एक गोष्ट मी सतत पाहत होतो : ज्या स्ट्रेचरवरून मला टेबलावर घेतले ते बाहेर नेलेच नाही. ते भिंतीलगत, चादरीसह, तयार उभे होते. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की पालथ्या रुग्णाचा श्वास किंवा हृदय अडचणीत आले तर त्याला त्याच क्षणी उताणे करता आले पाहिजे, आणि ज्याच्यावर उताणे करायचे ते शोधत बसायला वेळ नसतो. ज्यांना रुग्णालयाची पारख करायची आहे त्यांनी भिंतींच्या रंगापेक्षा ही चौकशी करावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

यानंतरची सेवा मात्र उतरत्या क्रमाची होती. पुनर्प्राप्ती कक्षात रक्तदाब, नाडी, लघवीचा रंग यांची नोंद नियमित होत होती. सुई बाराव्या बरगडीच्या वरून गेली असती तर छातीत पाणी शिरले नाही ना हे पाहावे लागते. माझी खालून गेली असल्याने त्याची गरज नव्हती. पायांत जीव परत आला, पाठीतली नळी ठीक होती. पण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, मुंग्या येत होत्या. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस हाडाच्या खोबणीत असते आणि फळीच्या कडेवर ती दबते, हे ऐकून माहीत असलेल्या कोणालाही ही दोन बोटे ऐकताच कारण कळावे. फेरीला आलेल्या कनिष्ठ डॉक्टरांनी मात्र ‘सलाइनमुळे असेल’ म्हणून विषय संपवला. सलाइन डाव्या हाताला होते. दुसऱ्या दिवशी त्या ज्येष्ठ भूलतज्ज्ञांना निरोप पोहोचला तेव्हा ते स्वतः आले, दोन बोटांची पकड आणि स्पर्श तपासला, नस दबल्यामुळे झाले आहे असे स्पष्ट सांगितले, आखडत्या डाव्या हाताची काळजी घेताना उजव्या कोपराखालची गादी सरकलेली राहिली असावी हेही मान्य केले, आणि बरे व्हायला काही आठवडे लागतील असे सांगितले. तसेच झाले, बधिरपणा पूर्ण गेला. माझा आक्षेप नस दबण्याला फारसा नाही, ती पूर्ण काळजी घेऊनही दबू शकते. आक्षेप असा की शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक रुग्णाला हातापायांची बोटे हलवायला लावून संवेदना विचारण्याची नोंद तक्त्यावर कुठेच नव्हती, आणि जागेपणीच्या रुग्णालाही मध्येच ‘हाताला मुंग्या येतात का?’ असे कोणी विचारले नव्हते. मान दुखते हे मी सांगितले. हात बधिर होतोय हे मला मानेच्या दुखण्यात कळलेच नाही. जागा रुग्ण स्वतःहून सांगेल, या भरवशावर राहणे हा या प्रकारच्या भुलीतला एक सूक्ष्म धोका आहे.

घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर खड्याचा आकार, छिद्राची जागा, मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) आणि तो काढण्याची तारीख हे सारे होते. भूल कोणती दिली, औषध किती दिले, रक्तदाब किती खाली गेला, स्थिती कोणती होती आणि कोपराच्या नसेचे काय झाले, यांपैकी एकही शब्द नव्हता. मुतखडा झालेल्यांपैकी पुष्कळांना पुढच्या काही वर्षांत तो पुन्हा होतो, आणि पुढच्या भूलतज्ज्ञाला सर्वांत उपयोगी पडेल अशी माहिती नेमकी हीच. मी अर्ज देऊन भुलीच्या तक्त्याची प्रत मागितली. ती विनातक्रार मिळाली, पण मागितल्यावर. तिच्या तळाशी त्याच लाल शाईत एक नवी ओळ होती : ‘पुढील वेळी दोन्ही कोपरांखाली जेल, दर पंधरा मिनिटांनी विचारणे.’ ती प्रत मी खड्याच्या अहवालासोबत एकाच फाइलमध्ये लावली आहे.